तोफगोळा गेला तिथे खुर्ची जाते : युद्धकाळातले बंकर आणि भुयारं व्हीलचेअरवरून कशी पाहावीत

आमच्या खान्देशात प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असतं आणि ते नेहमी दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या देवळात निघतं. पारोळ्याच्या भुईकोटाच्या भुयाराच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. घोडेस्वार सरळ जाईल एवढं रुंद होतं म्हणे. पाहिलेलं कोणीच नाही, पण रुंदी सगळ्यांना पाठ. तेव्हा मी दोन पायांवर होतो आणि अशा बिळांमध्ये शिरायची भारी खाज होती. २०११ साली मोटारसायकलवरून पडलो, मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून खुर्चीवर आहे. खाज काही गेलेली नाही.

हा लेख खुर्चीत बसणाऱ्यासाठी आहे आणि तेवढाच खुर्ची ढकलणाऱ्यासाठीही. जळगाव-धुळ्याकडून निघून जमिनीखालची युद्धस्थळं पाहायची असतील तर घरीच काय ठरवायचं, फोनवर काय विचारायचं आणि तिथे पोहोचल्यावर हात कुठे लावायचा, ते यात आहे.

आधी विचारा : ही जागा कशासाठी खोदली?

रॅम्प आहे का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, इथून काय ये-जा करायचं? युद्धाच्या वेळी जमिनीखाली जड सामान न्यायचं असेल, दारूगोळा, जनरेटर किंवा स्ट्रेचरवरचा जखमी, तर बांधणाऱ्याला वाट रुंद ठेवावी लागते, उतार बेताचा ठेवावा लागतो आणि जमीन सपाट करावी लागते. शत्रूला अडवायचं किंवा त्याच्यापासून लपायचं असेल तर नेमकं उलट. तिथे माणूस वाकावा, अडखळावा, एका वेळी एकच यावा, हाच हेतू असतो. म्हणून माझा ठोकताळा असा की तोफगोळा ढकलत नेला असेल तिथे बहुतेक वेळा खुर्ची जाते आणि माणूस रांगत गेला असेल तिथे ती जात नाही.

मुंबईत मलबार हिलला, आपण सगळे ज्याला राजभवन म्हणतो तिथला बंकर पहिल्या जातीतला. इंग्रजांच्या काळातला हा बंकर २०१६ साली पुन्हा उघडला गेला. लांबी सुमारे दीडशे मीटर, आत १३ खोल्या. पश्चिमेला २० फूट उंच दरवाजा आणि लांब उतार. खोल्यांवर शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, वर्कशॉप अशी नावं सापडली. त्यातलं एक नाव ‘शेल लिफ्ट’. म्हणजे तोफगोळ्यासाठी लिफ्ट होती! हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो, कारण माझ्या शहरात दुसऱ्या मजल्यावरच्या सरकारी कचेरीत जायला मला ती मिळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिथे संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि जून २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘क्रांती गाथा’ हे क्रांतिकारकांचं दालन सुरू झालं.

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरचे वॉर टनेल्स त्याच जातीचे. १९४० ते १९४५ या काळात बेट जर्मनांच्या ताब्यात होतं. १९४१ पासून त्यांनी गुलामासारखं राबवून घेतलेल्या मजुरांकडून डोंगर पोखरून घेतला. आधी कोठार आणि बराकी करायच्या होत्या, पुढे १९४४ मध्ये त्याचंच भूमिगत इस्पितळ केलं. स्ट्रेचर वळवायला जागा लागतेच, म्हणून बोगदे रुंद आणि सपाट आहेत. लंडनमधले चर्चिल वॉर रूम्स थोडे वेगळे. ते मुळात सरकारी इमारतीचं तळघर. २७ ऑगस्ट १९३९ ला तिथलं काम सुरू झालं आणि ऑगस्ट १९४५ पर्यंत चाललं. १९८४ पासून ते लोकांना पाहता येतं. तिथे खाली जायला लिफ्ट आहे आणि मदतीला आलेल्या सोबत्याला वेगळं तिकीट पडत नाही. मात्र ही कारकुनांची जागा, तोफगोळ्यांची नव्हे. त्यामुळे बोळ ठिकठिकाणी चिंचोळे आहेत आणि गर्दीच्या वेळी खुर्ची मध्येच अडकून मागेपुढे दोन्हीकडे रांग लागू शकते. सकाळची पहिली वेळ घ्या.

दुसऱ्या जातीचा नमुना म्हणजे व्हिएतनाममधलं कू ची. हल्ली आपल्याकडूनही सहली तिकडे जातात आणि माहितीपत्रकात ‘कू ची टनेल’ ठळक छापलेलं असतं. ही भुयारं दोनशे किलोमीटरांहून जास्त पसरलेली आहेत, पण सडपातळ माणसानं अंग चोरून सरकावं अशी. पर्यटकांसाठी रुंद केलेला भागसुद्धा वाकूनच पार करावा लागतो. खुर्चीचा प्रश्नच नाही. जमिनीवर जे मांडलेलं आहे तेवढंच आपलं, हे पैसे भरण्याआधी समजून घ्या. आपल्या जवळचा नमुना देवगिरीची अंधारी. तिच्याबद्दल पुढे.

एक तिसरी जातही होती, तटाखाली पोखरून बार भरायचा सुरुंग. ती पाहायला मिळत नाही, कारण काम फत्ते झालं की भुयार आणि भिंत दोन्ही जायचं.

आपली खुर्ची मोजा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका

दुकानदार ‘अठरा इंची’ म्हणतो ती बैठकीची रुंदी. दरवाज्यातून जायची असते ती पूर्ण खुर्ची, म्हणजे एका हाताच्या रिमपासून (चाकाबाहेरची, हातानं ढकलायची कडी) दुसऱ्या रिमपर्यंत. माझी १७ इंची खुर्ची बाहेरून २५ इंच भरते. त्यात हाताची बोटं धरा, दोन्हीकडे इंच-इंच. मी कागदावर २७ लिहितो. आता लांबी, मागच्या चाकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. फूटरेस्टपर्यंत मोजू नका, अंगठा त्याच्या पुढे येतो आणि भिंतीला आधी तोच लागतो. मग बसल्यावर डोक्याची उंची, आणि शेवटी तुमचं आणि खुर्चीचं मिळून वजन. लिफ्टसाठी ते लागतंच. साधी खुर्ची पंधरा-वीस किलोंची असते, बॅटरीवाली सहज त्याच्या तिप्पट-चौपट.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? सरकारी निकषांत दरवाज्याची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फुटाला थोडी कमी, आणि खुर्ची पूर्ण फिरवायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ म्हणजे पाच फूट. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. हे नव्या इमारतींचे आकडे. जुन्या भुयारात ते मिळतीलच असं नाही, पण कुठे किती कमी पडतंय ते कळतं. ३२ इंचांच्या दारातून माझी खुर्ची आरामात जाते, २९ इंचांच्या दारातून हात रिमवरून काढून जाते, त्याखाली मी प्रयत्न करत नाही.

उतार मोजायचा सोपा उपाय, मोबाईलमधलं लेव्हल. फोन जमिनीवर आडवा ठेवला की अंश दिसतात. पाच अंशांच्या आत असेल तर तो एकास बाराच्या आसपासचा उतार, स्वतः चढता येण्यासारखा. सात-आठला मागे एक माणूस हवाच. दहाच्या वर असेल तर दोन माणसं आणि पुन्हा एकदा विचार.

फोनवर

‘व्हीलचेअर आत जाते का हो?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला महाराष्ट्रभर एकच उत्तर आहे, ‘हो हो, या ना!’ बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी आजी असते, जिला दोघांनी धरून पायरी उतरवली होती.

मी विचारतो ते प्रश्न असे :

तुमच्याकडे पाण्याचे जार किंवा सामानाची हातगाडी आत कुठून नेता? (या एका प्रश्नानं मला जेवढी माहिती मिळाली तेवढी कुठल्याच वेबसाइटनं दिली नाही. चाकाची वाट असेल तर झाडणाऱ्या बाईंना ती माहीत असते, साहेबांना नसते.)

गाडी थांबते तिथपासून तिकीट खिडकीपर्यंत आणि तिथून तोंडापर्यंत एकही पायरी आहे का? एक सुद्धा? उंबरा?

सगळ्यात अरुंद जागा कुठली? तिथे मोजपट्टी धरून एक फोटो पाठवाल का?

जमीन कशाची आहे, फरशी, खडी, माती की गोटे? रूळ आहेत का? नाली आहे का, तिच्यावर जाळी आहे का?

आत गेल्यावर त्याच वाटेनं परत यायचं की दुसरीकडून बाहेर पडायचं? दुसरीकडून असेल तर तिकडे काय आहे?

खुर्चीवाल्याला वापरता येईल असं स्वच्छतागृह किती लांब?

लिफ्ट असेल तर दाराची रुंदी, आतली लांबी आणि वजनाची मर्यादा.

रूळ आणि जाळीचा प्रश्न कोणाला खुळचट वाटेल. पण खुर्चीची पुढची चाकं छोटी असतात. पाऊण इंचाच्या फटीत ती आडवी बसली की खुर्ची जागेवर थांबते, बसलेला माणूस पुढे जात राहतो. जुन्या कोठारांत ट्रॉलीचे रूळ असतात. ते नेहमी काटकोनात ओलांडायचे, तिरके नाही.

बोलणं झालं की त्याच माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून पाठवा आणि ‘बरोबर’ एवढं उत्तर मागा. त्या दिवशी दारावर दुसराच कोणी असतो आणि मग तो संदेश दाखवता येतो. राजभवनासारख्या ठिकाणी आधी नोंदणी लागते आणि ओळखपत्र तपासलं जातं. नोंदणी करतानाच खुर्चीचा उल्लेख करा आणि गाडी बंकरच्या उतारापर्यंत सोडाल का हे विचारा. टेकडीवरचा परिसर आहे, बंकरपेक्षा बंकरपर्यंतचं अंतरच दमवू शकतं.

उतरणं सोपं, वर येण्याचं बोला

जमिनीखालच्या जागेत आणि वरच्या किल्ल्यात हाच फरक. वर चढता आलं नाही तर तुम्ही खालीच राहता, म्हणजे घरी जाता. खाली उतरून वर येता आलं नाही तर फायर ब्रिगेडला फोन.

लिफ्ट असेल तर ती बंद पडल्यावर काय, हे आधी विचारा. वीज गेली तर जनरेटरवर फक्त दिवे चालतात की लिफ्टसुद्धा? आग लागली तर लिफ्ट वापरायची नसतेच, मग खुर्चीवाल्याला बाहेर कोण आणि कुठून काढणार? नीट चालवलेल्या संग्रहालयात याचं ठरलेलं उत्तर असतं. उतरण्याची खास खुर्ची असते, नाहीतर थांबायची सुरक्षित जागा नेमलेली असते. उत्तराऐवजी ‘असं काही होत नाही साहेब’ ऐकू आलं, तर मी एकाच मजल्याइतकं खोल आणि उताराची वाट असेल तरच जातो.

खाली मोबाईलला रेंज नसते. एक माणूस वर ठेवा आणि वेळ ठरवा, ‘पाऊण तासात आलो नाही तर आत ये.’ आम्ही हे काम नेहमी वहिनींना देतो. त्यांना भुयारात रस नाही आणि घड्याळात आहे.

ज्या भुयारांना दिवे, पहारेकरी आणि तिकीट यातलं काहीच नाही, ती या लेखात येत नाहीत. आपल्याकडच्या किल्ल्यांतली अर्धवट बुजलेली तोंडं, विहिरींतल्या कमानी, सगळीच. आत हवा कोंडलेली असते, वटवाघळं असतात, साप असतात आणि खुर्ची झटकन मागे घेता येत नाही.

‘आमी उचली लेसूत’

आता मनातलं सांगतो. खान्देशात खुर्चीवाल्याची सगळ्यात मोठी अडचण पायरी नाही. माया आहे. पायरीपाशी खुर्ची थांबली की मिनिटाभरात चार पोरं गोळा होतात. ‘टेन्शन नका ल्या भाऊ, आमी उचली लेसूत!’ आणि नाही म्हणायच्या आत तुम्ही हवेत.

मीही वर्षानुवर्षं हो म्हणत आलो. मग एका किल्ल्याच्या दरवाज्यात, कुठल्या ते सोडा, चौघांनी मला उचललं. दोघांनी मागून हॅंडल धरलं, एकानं आर्मरेस्ट, एकानं फूटरेस्ट. फूटरेस्ट काढता-घालता येणारा, तो हातात आला. खुर्ची पुढे कलली, मागच्या दोघांनी सावरली, सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन रात्री मोजे काढले तेव्हा उजवी टाच सोललेली दिसली. मला तिथे स्पर्श कळत नाही. ती जखम भरायला तीन महिने लागले, त्यातले पाच आठवडे मी पालथा झोपून काढले. पोरांचा काही दोष नाही. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा : एक-दोन पायऱ्या मागे कलवून, चाकांवर घ्यायच्या. उचलायचं नाही. त्याहून जास्त पायऱ्या असतील तर ती जागा माझ्यासाठी उघडी नाही, आणि हे मोठ्यानं सांगायचं. उचलून नेलं की दारावरच्या माणसाच्या हिशेबी प्रश्न सुटतो. ‘येतात की व्हीलचेअरवाले, अडचण काय?’ मग तो रॅम्प दहा वर्षं होत नाही. अजिंठ्याला डोल्या मिळतात, वयस्कर माणसांची सोय होते, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण डोलीत बसलेला माणूस कुठे थांबायचं, किती वेळ पाहायचं, हे ठरवत नाही. वाहणाऱ्याचे खांदे ठरवतात.

तरीही कधी उचलावंच लागलं, संकटात, तर हात फक्त न निघणाऱ्या भागांना लावायचा. पुढे मुख्य सांगाड्याचा पाईप, मागे घट्ट बसवलेलं हॅंडल. आर्मरेस्ट, फूटरेस्ट आणि चाक, तिन्हीला हात नाही. एकच माणूस आकडे मोजेल आणि तो खुर्चीत बसलेला असेल. पट्टा आधी बांधा.

दुसरी माया म्हणजे फळी. मोटारसायकल छोट्या टेम्पोत चढवायची ती. पोरं धावत जाऊन आणतात. ती एका चाकासाठी असते. खुर्चीला दोन लागतात, दोन फळ्यांमधलं अंतर बरोबर हवं, आणि एवढ्याशा लांबीत दीड-दोन फूट चढायचं म्हणजे एकास तीन-चारचा उतार. नको. घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प मिळतो, पाच-सहा फुटांचा. एका पायरीला तो पुरतो आणि गाडीच्या डिकीत मावतो.

जाणं-येणं

जळगाव ते मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना दिव्यांगांचा वेगळा डबा किंवा अर्धा डबा असतो, बहुतेक वेळा गाडीच्या टोकाला. म्हणून फलाटावर कुठे थांबायचं हे आदल्या दिवशीच स्टेशनवर विचारून ठेवा. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची पळवता येत नाही. रेल्वेच्या सवलतीच्या प्रमाणपत्रावर, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला सेकंड, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५० टक्के. एका सोबत्यालाही तेवढीच. युडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

विमानानं जाणार असाल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. बॅटरीवाल्या खुर्चीची बॅटरी कुठल्या प्रकारची आणि किती क्षमतेची, हे विचारतातच. लेबलचा फोटो फोनमध्ये असू द्या.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या आणि लसणाची चटणी. अनोळखी गावात पोट बिघडलं तर चालणाऱ्याचा एक दिवस जातो. खुर्चीवाल्याची सगळी सहल जाते.

हंगाम हिवाळ्याचा. मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि मणक्याच्या दुखापतीत बऱ्याच जणांना घामच नीट येत नाही, शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. अशा उन्हातून एकदम गार भुयारात शिरलं की अंगात कुडकुडी भरते, बाहेर आलं की गरगरतं. तोंडापाशी पाच मिनिटं थांबून आत जा. पावसाळ्यात ओल असते, रिम हातातून निसटतात आणि रबरी तळव्याचे हातमोजे घातले तरी ब्रेक धरत नाही.

आत

निघण्याआधी स्वच्छतागृह, ट्रेनमधलं नव्हे, त्या जागेजवळचं. लघवीची पिशवी असेल तर रिकामी करा. पोट किंवा मूत्राशय तुंबलं आणि मणक्याची दुखापत छातीच्या मध्यापासून वर, मानेपर्यंत कुठेही असेल तर रक्तदाब एकाएकी चढतो, डोकं ठणकतं, तोंड लाल होतं. जमिनीखाली हे होऊ नये. सोबत्याला ही लक्षणं माहीत असायलाच हवीत. झालं तर ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, पिशवीची नळी वाकली आहे का ते बघा आणि वर आणा.

उतार चढताना तोंड पुढे, मदतनीस मागे. तीव्र उतार उतरताना मात्र उलट. खुर्ची पाठमोरी करायची, मोठी चाकं आधी खाली, मदतनीस खालच्या बाजूला पाठीमागे बघत एक-एक पाऊल. बसलेल्याचं वजन पाठीकडे राहतं, पुढे सांडत नाही. दुसरा माणूस वरच्या बाजूनं सांगाडा धरतो. नवखे लोक सरळ तोंडानं उतरवतात आणि हॅंडल खेचत राहतात, दहा पावलांत त्यांचे हात थरथरतात. उताराच्या मध्ये थांबायची वेळ आली तर खुर्ची आडवी वळवायची नाही, ती बाजूला कलंडते. ब्रेक लावून चाकामागे लाकडाचा ठोकळा द्या. आमच्या पिशवीत आंब्याच्या लाकडाचे दोन ठोकळे कायम असतात. सुतारानं पैसे घेतले नाहीत.

एक पायरी उतरायचीही अशीच, पाठमोरी. चढताना मात्र खुर्ची मागे कलवायची, छोटी चाकं पायरीवर टेकवायची, मग मोठी चाकं पायरीला भिडवून वर लोटायची. मागे कलंडू नये म्हणून लावलेली अ‍ॅंटी-टिपरची छोटी चाकं असतील तर त्याआधी ती वर घ्या, नाहीतर खुर्ची तिथेच अडते.

बसून बसून जखम होऊ नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी बुड उचलायचं किंवा पुढे झुकायचं, अर्धा-एक मिनिट. पाहण्याच्या नादात हे विसरतं. मी घड्याळाला कंप लावून ठेवतो. टॉर्च डोक्याचा घ्या, हात दोन्ही चाकांवर असतात. फलक उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेले असतात आणि त्यांच्या काचेवर नेमका दिवा चमकतो, तेव्हा सोबत्यानं फोटो काढून हातात द्यावा. वाचून दाखवू नये. मी वाचू शकतो.

खाली जाता येत नाही तेव्हा

देवगिरी घ्या. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून गेलं की आपल्याला जवळचा. तिथली अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वर नेणारा काळोखा, वळणावळणाचा दगडी जिना. पायऱ्या मुद्दामच ओबडधोबड. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण आणि शेगडी, तिचा धूर आत सोडून शिरलेल्याला कोंडून मारायची सोय. तिथे माझी खुर्ची जात नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. ज्यांनी खोदली त्यांना धडधाकट शिपाईसुद्धा आत यायला नको होता. मी महाकोटाच्या दरवाज्यांतून चांदमिनारपर्यंतच्या सपाटीत रमतो. तोफा, तटबंदी, हत्ती अडवायचे दारावरचे खिळे. फरसबंदीचे दगड उंचसखल आहेत, मागे एक माणूस हवा.

अंधारीत पुतण्या जातो. आधी आम्ही वहीत ठरवतो : पहिल्या वळणापाशी टॉर्च बंद करून दहा सेकंद थांब. पायऱ्यांची उंची वितीनं मोज. छताला हात लागतो का बघ. वास कसला आहे ते लिही. तो वर जाऊन सेल्फी काढून येत नाही, माझी कामं करून येतो. त्याच्या वहीतली एक ओळ, ‘तिसऱ्या वळणानंतर खाली कुठे आणि वर कुठे ते कळेना, मी भिंतीला हात लावून थांबलो.’ एवढ्यानं मला ते भुयार दिसलं.

बुऱ्हाणपूरचं कुंडी भंडारा वेगळं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, पण फारुकी सुलतानांच्या खान्देशची ती राजधानी आणि पुढे मोगलांच्या दख्खन मोहिमांचा तळ. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणायचे हे बोगदे खणले. पाणी झाकून का आणलं, तर शत्रूनं विष कालवू नये म्हणून, असंही तिथे सांगतात. ८० फूट खाली जायला लिफ्ट आहे, म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो. पण लिफ्ट असली म्हणजे खुर्ची चालते असं नाही. खाली पायाखाली पाणी असतं आणि चुनखडीनं अरुंद झालेल्या वाटेतून ते तुडवत जायचं. माझा मित्र उतरला, मी वर कुंडीच्या, म्हणजे बोगद्यावर खणलेल्या उभ्या विहिरीच्या, कठड्यापाशी बसलो. जमिनीवर कुंड्यांची तोंडं एका रांगेत लांबवर जाताना दिसतात आणि खालून जाणाऱ्या पाण्याचा माग त्यावरून काढता येतो. खाली गेलेल्याला ती रांग दिसत नाही.

दोन ओळी लिहून या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, तेव्हा मुदत कधीच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रातुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा. संरक्षित स्मारक आहे, दगडाला खिळा मारता येत नाही, हे उत्तर तुम्हाला मिळेल आणि ते अर्धं खरं आहे. म्हणून अर्जात मोडतोड मागू नका. सुटा, उचलून ठेवता येणारा लाकडी रॅम्प, तोंडापाशी अरुंद जागेचं माप लिहिलेला फलक, आणि ज्यांना खाली जाता येत नाही त्यांच्यासाठी वर पडद्यावर आतलं चित्रण, एवढंच मागा. या तिन्हींना एकही मूळ दगड हलवावा लागत नाही. सोबत तुम्ही घेतलेली मापं जोडा. ‘गैरसोय झाली’ असं लिहिलेला कागद फायलीत जातो, ‘उंबरा सात इंच, दार २८ इंच’ असं लिहिलं की कोणाला तरी मोजायला जावं लागतं. दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी, आरसा घेऊन टाचा, घोटे, बुड आणि कंबर पाहा. लालसर डाग बोटानं दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर त्या जागेवर एक दिवस भार देऊ नका. लालच राहिला तर डॉक्टर. खुर्चीतल्या बैठकीच्या उशीचं कव्हर काढून वाळवा, भुयारातली ओल त्यात बसते. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांचे बेअरिंग काढा. खडीची भुकटी, केस, वटवाघळांची लीद, काय काय निघतं. रॉकेलमध्ये धुवायचं, ग्रीस भरायचं, नट हातानं आवळून मग पाव फेरा पान्यानं. माझ्या डाव्या चाकात मागच्या वेळी देवगिरीचा एक हरभऱ्याएवढा खडा निघाला. तो काढून टाकला नाही, खिडकीत ठेवला आहे.